ग्लासावरचा मंडप

उत्कर्षाने घरात दारू आणली ती नवऱ्याचं पिणं सुटावं म्हणून नव्हे, तर रविवारी तो जिवंत घरी यावा म्हणून. हे तिने पुढे कुणाला समजावून सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी धायरीतल्या भावकीला ते पटलं असतं असं नाही.

तिच्या नवऱ्याचं, विश्वजीतचं, धायरी फाट्याजवळ टाइल्सचं दुकान होतं. माणूस मोठा बोलका. गिऱ्हाईक बाथरूमच्या टाइल्स बघायला यायचं आणि याच्याशी गप्पा मारता मारता स्वयंपाकघराच्याही ठरवून जायचं. आठवडाभर तो दुकानात राबायचा आणि दारूला शिवायचाही नाही. रविवारी मात्र शाळेपासूनचे मित्र गाडीत घालून खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्याला जायचा. तिथल्या ढाब्यावर कोंबडी शिजेपर्यंत बाटल्या रिकाम्या व्हायच्या आणि दुपार कलली की गाडी चालवत तोच सगळ्यांना परत आणायचा.

एका रविवारी गाडी धरणाजवळच्या कठड्याला घासली. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवशी मागच्या सीटवर त्यांची मुलगी संस्कृती होती. भाजलेलं कणीस खायला घालतो म्हणून बापाने तिला हौसेने बरोबर नेलं होतं. घरी आल्यावर ती आपल्या खोलीत जाऊन दप्तर आवरत बसली. सुट्टीच्या दिवशी हिला दप्तर कसं आठवलं, असं उत्कर्षाच्या मनात आलं. ती लिफ्टने खाली गेली आणि तिने गाडीची डावी बाजू पाहिली.

संध्याकाळी ती विश्वजीतला म्हणाली, "पुढच्या रविवारपासून तिकडे जायचं नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. तुम्ही जाणार हे मला माहीत आहे, म्हणून सांगते. मित्रांना घरी बोलवा. प्यायचंच असेल तर माझ्या टेबलावर बसून प्या, आणि मी करीन ते खाऊन प्या."

विश्वजीत तिच्याकडे बघतच राहिला. "आणि आई?"

त्याची आई, बायडाबाई, तिथेच खाली बसून तांदूळ निवडत होती. तिचा नवरा मच्छिंद्र दारूनेच गेला होता, उत्कर्षा सून म्हणून या घरात येण्याच्या कितीतरी आधी. घरात त्याचा फोटो होता, पण विषय नव्हता. बायडाबाईने ताटातून मान वर केली नाही. "घरात तर घरात," ती म्हणाली. "डोळ्यांम्होरं तरी ऱ्हाईल."

लग्नाआधी उत्कर्षा कॅम्पातल्या एका मोठ्या हॉटेलात नोकरीला होती. सॅलड, सँडविच, फळांवरची कोरीव नक्षी अशा थंड पदार्थांच्या विभागात ती काम करायची. तिथे रविवारच्या ब्रंचला, म्हणजे उशिराच्या भरपेट न्याहारीला, ब्लडी मेरी नावाचं पेय जायचं. टोमॅटोचा तिखट-आंबट रस, त्यात व्होडका आणि वर सेलरी नावाच्या विलायती भाजीचा एक दांडा. भर सकाळी असं रश्शासारखं खारट पेय लोक आवडीने का पितात, हे तिला तेव्हा कळायचं नाही. आता मात्र तिला तेच आठवलं. पोटात दारू कमी जाईल, खाणं जास्त जाईल, एवढाच तिचा विचार होता.

शुक्रवारी सकाळी दोघं मार्केट यार्डात जाऊन पिकलेले, लालबुंद टोमॅटो घेऊन आले. रविवारी सकाळी, भरताची वांगी भाजतात तसे तिने ते गॅसवर भाजले, सालं काढली, वाटले, गाळले. विलायती सॉसऐवजी चिंचेचा कोळ घातला. काळं मीठ, मिरपूड, चिमूटभर कांदा-लसूण मसाला. विश्वजीतने चमचाभर चाखून बघितलं.

"हे तर सार आहे."

"साराला तुपाची फोडणी असते. तुम्ही गप्प त्या बशीत मीठ आणि तिखट मिसळा."

त्याने ग्लासांच्या काठांना लिंबू चोळलं आणि एकेक ग्लास बशीत उलटा फिरवला. काठाला लाल-पांढरी झालर लागली. ती बघून तो लहान मुलासारखा खूश झाला. सेलरीऐवजी उत्कर्षाने कांद्याची पात उभी केली. तेवढ्याने ग्लास ओकाबोका दिसायला लागला, म्हणून बांबूच्या काडीत उकडलेलं अर्धं अंडं, कोथिंबीर वडीचा एक तुकडा आणि तळलेली कोळंबी ओवून तीही ग्लासावर आडवी ठेवली.

अकराला मित्र आले. त्यांतला सलिल वकील होता आणि कोर्टातल्यापेक्षा बाहेर जास्त बोलायचा. त्याने ग्लास सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"वहिनी, हे प्यायचं की याची आरती करायची?"

सगळे हसले. बायडाबाईही दारात येऊन उभी राहिली. "ह्या मेरीचं आडनाव काय म्हनं?" तिने विचारलं, आणि मग तर हसून हसून विश्वजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी कुणी गाडी चालवली नाही. दुपारी सगळे तिथेच गाद्या टाकून झोपले. नवऱ्याचा घोरण्याचा आवाज बाहेरच्या खोलीतून ऐकू येत होता आणि उत्कर्षाला तो फार गोड वाटला.

मग ते दर रविवारचंच झालं. तिच्या अंगातली जुनी कला जागी झाली होती. हॉटेल सोडल्यापासून तिच्या नक्षीला मुलीच्या वाढदिवसाशिवाय वाव मिळाला नव्हता. आता ग्लासावरच्या काड्या वाढत गेल्या. सुपारीएवढे बटाटेवडे आणि त्यांच्या मापाचे पाव. गणेश पेठेतून आणलेला अख्खा बोंबील, कुरकुरीत तळून ग्लासात उभा केलेला. ठेचा लावलेल्या रुपयाएवढ्या भाकऱ्या, वर लोण्याचा ठिपका. भरल्या मिरचीची होडी. एका रविवारी तर तिने खेकड्याची नांगी काठाला अशी अडकवली की खेकडा ग्लासातून वर चढतोय असंच वाटावं. सलिलने याला 'मंडप' असं नाव दिलं. "आज मंडप किती मजली?" असं विचारतच तो आत यायचा. बिल्डिंगमधल्या बायका फोटो काढायला येऊ लागल्या. संस्कृती ते फोटो फोनवरून नेटवर टाकायची आणि अनोळखी माणसं विचारायची, हे पुण्यात कुठे मिळतं?

पण उत्कर्षाला खरं सुख होतं ते आदल्या संध्याकाळचं. शनिवारी विश्वजीत दुकान लवकर बंद करून यायचा आणि दोघं ओट्यापाशी शेजारी शेजारी उभी राहायची. तो काड्या पाण्यात भिजवायचा, कोळंब्या सोलायचा, गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा. गेल्या कित्येक वर्षांत तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता. लग्नानंतर इतक्या काळाने आपला नवरा आपल्याला सापडला, असं तिला तेव्हा वाटायचं. ते खोटं नव्हतं. पुढे जे झालं त्यानेही ते खोटं ठरत नाही, पण हे म्हणायची तिला पुढे भीती वाटू लागली.

घसरण कधी सुरू झाली ते तिला सांगता आलं नसतं. सुरुवातीला व्होडका मोजून पडायची, औषधाच्या बाटलीबरोबर येतं तसल्या टोपणाने. मग विश्वजीत म्हणाला, अंदाज आलाय आता, टोपण कशाला. मित्र अकराला यायचे, पण हा नऊलाच 'चव बघायला' ग्लास भरून घेऊ लागला. मग शनिवारी तयारी करतानाही एक. उत्कर्षा बोलली की तो हसून तिचा खांदा दाबायचा. "अगं, खाऊनच पितोय ना? तुझीच अट."

आणि तो खरंच खात होता. काड्यांवरचं सगळं संपवत होता. त्यामुळे तिचं मन स्वतःची समजूत घालत राहिलं.

मग तो दुकानात जाताना टोमॅटोचा रस स्टीलच्या बाटलीतून नेऊ लागला. चहा सोडलाय, तब्येतीला बरं, असं म्हणायचा. तिला बरंच वाटलं. उन्हाळ्यात एकदा ती दुपारी डबा घेऊन दुकानात गेली. फाट्यावरच्या गर्दीतून चालत आल्याने तिचा घसा कोरडा पडला होता. विश्वजीत मागच्या बाजूला गिऱ्हाइकाला टाइल्स दाखवत होता. टेबलावर बाटली होती. तिने ती तोंडाला लावली आणि पहिल्याच घोटाला तिचा घसा जळला. त्यात नावापुरता टोमॅटो होता.

तो पुढे आला तेव्हा ती बाटली हातात धरून तशीच उभी होती.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने आधी बाटलीकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे, आणि हळू आवाजात म्हणाला, "घरी चल, बोलू."

"कधीपासून, अहो?"

"तूच तर शिकवलंस," तो म्हणाला आणि हसला. त्याला गंमत करायची होती. बोलून झाल्यावर काय बोललो ते त्याला कळलं, त्याचा चेहरा पडला, पण शब्द तर निघून गेला होता. डबा टेबलावर ठेवून ती घरी आली.

त्या रविवारपासून तिने ब्रंच बंद केलं. मित्र यायचे थांबले, विश्वजीतचं थांबलं नाही. आता ते टेबलावर नव्हतं एवढंच. कधी गाडीच्या डिकीत, कधी गोदामात टाइल्सच्या खोक्यांमागे. भांडणं झाली. शपथा झाल्या. बायडाबाईने धारेश्वराच्या देवळात नेऊन त्याला गाभाऱ्यासमोर उभं केलं. तो तिथे रडला आणि आठवडाभर खरंच कोरडा राहिला. मग पुन्हा तेच.

एके दिवशी जेवताना संस्कृतीने विचारलं, "बाबा, तुझे डोळे पिवळे का दिसतायत?"

सिंहगड रोडवरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या पायांवर सूज होती आणि पोट ढोलकीसारखं ताणलेलं होतं. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. यकृत जवळजवळ गेलंय, पोटात पाणी झालंय. आजपासून एक थेंब घेतला तरी तो शेवटचा समजा.

"माझं यकृत द्या त्यांना," उत्कर्षा म्हणाली. "देता येतं ना? मी वाचलंय."

"देता येतं. पण आधी त्यांनी काही महिने न पिता काढायला हवेत, अंगात ताकद यायला हवी. आत्ता ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं तर उठणार नाहीत. आणि मीठ बंद. अगदी बंद."

विश्वजीतने त्या दिवसापासून दारू सोडली. हेही लोक मानत नाहीत, पण उत्कर्षाने ते डोळ्यांनी पाहिलं. हात थरथरायचे, अंगाला दरदरून घाम फुटायचा, दिवसाढवळ्या त्याला भिंतीवर मुंग्या दिसायच्या, तरी त्याने मागितली नाही. ज्या निश्चयाची तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली तो आला, तो असा.

थोडं बरं वाटू लागल्यावर तो म्हणाला, "एक रविवार कर ना. सगळ्यांना बोलाव. बिनदारूचं. मला माणसं बघायचीत."

तिने जीव ओतून केलं. रस तोच, झालर तीच, ग्लासावर बोंबील, वडे, कोळंब्या, भाकऱ्या, सगळं. विश्वजीतसाठी बिनमिठाचा वेगळा ग्लास, त्यावर उकडलेलं गाजर आणि पनीर. मित्र आले. सलिल नेहमीसारखं काहीतरी बोलायला गेला, पण खुर्चीत उशांना टेकून बसलेल्या विश्वजीतचा रंग बघून त्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. सगळे छान छान म्हणत रस प्यायले. क्रिकेटचं बोलणं झालं, मग मेट्रोचं, मग तेही संपलं. विश्वजीत एकेकाला दुकानातला किस्सा सांगू बघत होता, पण त्याला मध्येच धाप लागायची आणि समोरचा माणूस खाली ग्लासात बघायचा. पाऊण तासात एकेकाला काम आठवलं. ताटल्यांत अर्धवट खाल्लेल्या काड्या राहिल्या.

उत्कर्षा सलिलला सोडायला लिफ्टपर्यंत गेली.

"भावजी, पुढच्या रविवारी याल ना? बाकीचे नाही आले तरी तुम्ही या. ते वाट बघतील."

सलिलने लिफ्टचं बटण दाबलं. ते आधीच पेटलेलं होतं, तरी पुन्हा दाबलं. "वहिनी, खरं सांगू? मला त्याच्यासमोर बसवत नाही. इतकी वर्षं बरोबर बसलो. तो जितकी प्यायला तितकीच मी प्यायलोय. तो असा, आणि मी..." त्याचे डोळे भरले. लिफ्ट आली, तो आत गेला आणि दार बंद होईपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.

तो परत आला नाही. फोन करायचा, पण आला नाही. विश्वजीत मात्र पुढचे कितीतरी रविवार दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून अकराच्या सुमाराला बाहेरच्या खोलीत येऊन बसायचा. कुणाचं नाव घ्यायचा नाही. बारा वाजले की म्हणायचा, "चल, पडतो जरा."

दिवाळी उलटून थंडी पडली होती. अशाच एका रविवारी तो बाहेरच्या खोलीत बसला नाही. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आला आणि ओट्यापाशी स्टूल ओढून बसला.

"टोमॅटो आहेत?"

उत्कर्षाने भाजीची टोपली मागे सरकवली. "नाही मिळायचं. मीठ बंद आहे तुम्हाला, माहीत आहे ना? आणि माझ्याच्याने आता नाही होणार ते. मला त्या ग्लासांकडे बघवत नाही."

"माझ्यासाठी नाही गं." त्याला दम लागला. तो थांबला, मग म्हणाला, "तू कधी प्यायलीस? इतके रविवार केलंस. तू एकदा तरी टेबलावर बसलीस का आमच्याबरोबर?"

तिने आठवून पाहिलं. ती बसली नव्हती. चमचाभर चव बघितली असेल, उरलेली कोळंबी उभ्या उभ्या तोंडात टाकली असेल. सगळे बाहेर हसत असायचे तेव्हा ती आत पुढचा घाणा तळत असायची.

"आज मी करतो," विश्वजीत म्हणाला. "तू बस तिथं."

"अहो, तुमचे हात..."

"बस म्हटलं ना."

ती बसली. त्याने टोमॅटो भाजले. चिमटा दोनदा हातातून निसटला. ती उठायला गेली की तो नुसती मान हलवायचा. सालं नीट निघाली नाहीत, रसात काळे ठिपके राहिले. मीठ किती घालायचं ते चाखून बघायची सोय नव्हती, त्यामुळे तो बराच वेळ मिठाचा चमचा हातात धरून विचार करत राहिला आणि मग अंदाजाने घातलं. अंडं कापताना पिवळा बलक बाहेर पडला. तो त्याने बोटाने परत बसवला. काडीत पनीर, अंडं आणि बायडाबाईने सकाळी केलेल्या थालीपिठाचा तुकडा ओवला. ते ओवताना त्याचा हात इतका कापत होता की काडीचं टोक त्याच्याच बोटाला टोचलं. बोट तोंडात धरून तो क्षणभर डोळे मिटून थांबला. बायडाबाई दारात येऊन उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली.

त्याने ग्लास तिच्यासमोर ठेवला. काडी एका बाजूला कलली होती. झालर अर्ध्याच काठाला लागली होती.

"घे."

तिने घोट घेतला. मीठ फार पडलं होतं, घशाखाली जाईना.

"कसं झालंय?"

"बरोबर झालंय."

"मीठ?"

"बरोबर आहे."

तो तिच्या समोर बसून बघत राहिला. ती सगळं प्यायली, काडीवरचं सगळं तिने खाल्लं. तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसले नाहीत. तिखट झालं का, असं त्याने विचारलं नाही. टेबलावर हात पुढे करून त्याने तिचं मनगट धरलं. त्याचा हात थंडगार होता आणि कातडीला पिवळसर रंग आला होता.

"तुझ्या हातचं खाऊन नाही झालं हे," तो म्हणाला. "माझ्या हातानं झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं. पण त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर नुसता हुंदकाच बाहेर आला असता.

त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या पोटातल्या पाण्यात जंतू झाले. ताप आला, बोलणं असंबद्ध झालं. दवाखान्यात तो तिला गिऱ्हाईक समजून टाइल्सचे भाव सांगू लागला. "बाई, ही घ्या, ही पाय घसरू देत नाही," असं आर्जवाने सांगत राहिला. उत्कर्षा म्हणाली, "हीच घेते." ते ऐकून तो शांत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

मित्र सगळे आले. सलिलने खांदा दिला आणि वैकुंठ स्मशानात एका कोपऱ्यात जाऊन तो ओकला. पुढे त्याने दारू सोडली असं उत्कर्षाने ऐकलं. तिला त्याचा राग येईना आणि त्याच्याबद्दल मायाही वाटेना.

दहावा झाल्यावर भावकी घरी बसली होती. विश्वजीतचे चुलते रंगनाथआण्णा खिडकीजवळ बसून शेजारच्याला सांगत होते, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "आता कुनाला बोलावं? बायकूनंच घरात बार काढला. वर आनि फुलं-पानं लावून द्यायची. शिकल्या-सवरल्या बाया ह्या."

उत्कर्षा चहाचा ट्रे घेऊन आत येत होती. ती तिथेच थबकली. मग कोपऱ्यातून बायडाबाई उठली. ती चालत रंगनाथआण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, माझा मालक कसा गेला?"

"वयनी, आता त्ये कशाला..."

"न्हाय, सांगा की. मी काय त्याला वडं तळून घातलं? मी उपाशी ठिवलं त्याला. भाकरी न्हाय दिली, दार न्हाय उगाडलं. पावसात ओसरीवर पडून ऱ्हायचा. तवा तुमीच म्हनला हुता, बायडीनं घरात घेतला आसता तर वाचला आसता. म्हनला हुता का न्हाय?"

रंगनाथआण्णा खाली बघू लागले.

"हिनं घरात घेतला. खाऊ घातलं, जपलं, आपलं काळीज काडून द्याया निगाली हुती. तरी बी गेलाच. मंग आता काय करावं आमी, त्ये तरी सांगा. तिसरं काय आसंल तर सांगून जावा, हितं अजून नातवंड हाय."

बायडाबाईने सुनेच्या हातातला ट्रे घेतला आणि स्वतः सगळ्यांना चहा दिला. रंगनाथआण्णांनाही दिला.

महिना गेल्यावर उत्कर्षा दुकानात बसू लागली. टाइल्समधलं तिला फारसं कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक आलं की बोलावं लागायचं, आणि बोलत असलं की वेळ जायचा. बिल्डिंगमधल्या एकीने विचारलं, भाचीच्या केळवणाला तसले ग्लास करून द्याल का, बिनदारूचे? तिने नाही म्हणून सांगितलं. काड्या, लांब ग्लास, झालरीची बशी, सगळं तिने खोक्यात भरून गोदामात नेऊन ठेवलं होतं. टाकून द्यायला हात धजला नव्हता.

संस्कृती त्या काळात फार शांत झाली होती. शाळेतून यायची, अभ्यास करायची, आजीच्या शेजारी झोपायची. एका दुपारी उत्कर्षा कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा ती येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"आई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"तू घरी केलं नसतंस तर बाबा वाचला असता?"

उत्कर्षाच्या हातात शर्ट होता. तो तिने मांडीवर ठेवला. या प्रश्नाची तिने मनात हजार उत्तरं तयार करून ठेवली होती, रंगनाथआण्णांसाठी, डॉक्टरबाईंसाठी, देवासाठी. मुलीसाठी एकही नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही, बाळा. नसतं केलं तर कदाचित हळू वाढलं असतं. नाहीतर कदाचित गाडी कठड्यावरून खाली गेली असती, तू आत असताना. मला दोन्ही दिसतं. रोज दिसतं."

संस्कृतीने पलंगपोसावरचा सुटलेला एक धागा ओढून काढला.

"मला ते रविवार आवडायचे," ती म्हणाली. "आता आवडायचे म्हटलं तर पाप लागल्यासारखं वाटतं."

"मलाही आवडायचे," उत्कर्षा म्हणाली, आणि हे मोठ्याने म्हणताना तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं रडू आलं. मुलगी सरकून तिच्याजवळ आली. दोघी तशाच बसून राहिल्या.

स्वयंपाकघरातून बायडाबाईने हाक मारली. पिठलं निवतंय म्हणाली. पहिल्या हाकेला कुणी उठलं नाही. दुसरी हाक आली तेव्हा संस्कृतीने तोंड धुतलं, उत्कर्षाने पाट मांडले आणि तिघी जेवायला बसल्या. बायडाबाई जेवताना एकदा म्हणाली, उद्या गॅसवाल्याला फोन कर, सिलिंडर संपत आलाय. उत्कर्षाने करते म्हणून सांगितलं.